ग्राफिक कार्ड नांदेडातच दुरुस्त होईल

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.

नांदेडच्या तमाम संगणकधारक बंधूंनो आणि भगिनींनो! पुण्यात कॉम्प्युटर बिघडला तर त्याला दुरुस्ती असते. आपल्याकडे बिघडला तर त्याला नशीब म्हणतात. पार्ट यायला आठ दिवस, माणूस यायला पंधरा, आणि आलाच तर तो म्हणतो, आता नवीनच घ्या. हा अन्याय आपण किती पिढ्या सहन करायचा?

रोजनिशीला श्रोते नसतात, हे मला माहीत आहे. पण व्याख्याने देऊन देऊन हात तसा वळला आहे. कोरे पान दिसले की समोर सभा दिसते.

झाले असे. काल दसरा. आज सकाळी साक्षीने कॉम्प्युटर लावला, तर आतून खर्र खर्र. मग पडद्यावर हिरव्या-जांभळ्या रेघा. मग अंधार. साक्षी म्हणाली, "अप्पा, ग्राफिक कार्ड गरम होऊन राहिलं."

पुढे हा इतिहास होणार आहे, म्हणून पार्श्वभूमी लिहून ठेवतो. साक्षी माझी एकुलती एक मुलगी, इंटीरियर डिझाइन शिकलेली. हैदराबादच्या एका कंपनीने तिला चाचणी दिली आहे. अख्खे घर कॉम्प्युटरवर उभे करायचे आणि त्यातून बघणाऱ्याला फिरवून आणणारा व्हिडिओ चोवीस तारखेपर्यंत पाठवायचा. पसंत पडला तर नोकरी, आणि तीही घरी बसून. ग्राफिक कार्ड नसेल तर हा व्हिडिओ बनत नाही.

माझी भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे. मुलीने मोठे व्हावे, पण नांदेडात राहून. आपली पोरे बाहेर गेली की घरे मोठी होतात आणि गाव लहान होते. हे वाक्य माझे स्वतःचे आहे.

संकल्प: कार्ड घरीच दुरुस्त करीन. दुकानाची पायरी चढणार नाही. निजामाला नमवणाऱ्या मराठवाड्याला एक कार्ड जड नाही.

दुपार. कारण सापडले. व्होल्टेज. वीज कंपनीला चार पानी निवेदन लिहिले. शेवटचा परिच्छेद फार उतरला. थोडा आडवा होतो.

१४ ऑक्टोबर, सोमवार.

व्होल्टेज बरोबर निघाले. निवेदन तरीही पाठवले. आज ना उद्या बिघडेलच.

मूळ दोष ड्रायव्हरचा आहे. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला हुकूम देणारी यंत्रणा. जुनी सत्ता घालवल्याशिवाय नवी येत नाही, हा इतिहासाचा नियम. जुना ड्रायव्हर काढून टाकला. नवा उतरवला. तो दुसऱ्याच कार्डाचा निघाला. आता पडद्यावरची अक्षरे एवढी मोठी झाली आहेत की एका खिडकीत चार शब्द मावतात. उमाने चष्म्याशिवाय वाचून दाखवले. बायकोला झालेला फायदा ही काही लहान गोष्ट नाही.

संध्याकाळी साक्षीने योग्य ड्रायव्हर टाकला. अक्षरे लहान झाली, रेघा तशाच. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष आहे, हे सिद्ध झाले. हे सिद्ध करायला कोणीतरी तो काढून बघायलाच हवा होता.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.

आज सीपीयूची बाजूची काच काढली. आत पाहून मन प्रसन्न झाले. खंडेनवमीची शस्त्रपूजा जशीच्या तशी.

ही पूजा मीच केली होती. ज्याच्यावर पोट, त्याला त्या दिवशी हळदकुंकू, अशी आपली पद्धत. शेतकऱ्याचा नांगर, शिंप्याची मशीन, माझा माईक. कर्मकांडावर मी जाहीर टीका करतो, पण हे कर्मकांड नव्हे, कृतज्ञता आहे. आणि कृतज्ञता वरवरची नसावी. लोक सीपीयूच्या डब्याला बाहेरून बोट लावतात आणि मोकळे होतात. मी यंदा काच काढून थेट ग्राफिक कार्डालाच हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या आणि वर झेंडूचे फूल ठेवले.

कार्डाला दोन पंखे आहेत. एक फिरतो, एक स्वस्थ. यावर मी दुपारभर वाचन केले. आधुनिक कार्डाचे पंखे कार्ड थंड असले की आपोआप थांबतात. म्हणजे स्वस्थ पंख्याच्या बाजूने कार्ड थंड आहे. निम्मा प्रश्न मुळात नव्हताच.

उमा डोकावली. म्हणाली, "अवो, त्या पंख्यात तांदूळ अडकलेत की." मी तिला समजावले की हे यंत्र एका सेकंदात अब्जावधी आकडेमोडी करते, त्याला तांदळाचे चार दाणे काय अडवणार. ती म्हणाली, "जात्यात खडा गेला की जातं बी थांबतंय. त्याला आकडेमोड येत न्हाई म्हणून का?" उपमा चांगली आहे. टाळ्या घेईल. पुढच्या व्याख्यानात वापरणे.

साक्षीने विचारले, चिमट्याने अक्षता काढू का. मी म्हणालो, वाहिलेल्या अक्षता अशा उचकटायच्या नसतात, तुझ्या आईला वाईट वाटेल. उमा स्वयंपाकघरातून ओरडली की मला काही वाईट वाटत न्हाई. हा तिचा मोठेपणा.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागिरी.

कार्डाचे तापमान चौऱ्याण्णव. उष्णता हा नांदेडचा जुना शत्रू, आणि त्यावर नांदेडचा उपायही जुना: कूलर. परदेशी वेबसाइटवर हा उपाय कुठेच नाही, कारण त्यांना आपला उन्हाळा माहीत नाही. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, टाकीत पाणी भरले आणि कूलर ओढत आणून उघड्या सीपीयूसमोर उभा केला.

तापमान झरझर उतरले. साक्षी धावत आली. "अप्पा, पाण्याची हवा हाय ती!" मी म्हणालो, गोदाकाठच्या माणसाला पाण्याची भीती घालू नकोस.

संध्याकाळ. झेंडूच्या पाकळ्या उडून आतल्या आत गेल्या. कुंकू भिजले आणि कार्डावरून लाल ओघळ आले. पडदा काळा. आता तापमान दिसतच नाही. उष्णतेचा प्रश्न निकाली निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

दूध मात्र छान आटले होते. साक्षीने घेतले नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.

साक्षीने परस्पर ताहेरला बोलावले. ताहेरचे कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, माझी रेडिओवरची पहिली भाषणे त्यांनी दुरुस्त केलेल्या सेटांवरच लोकांनी ऐकली. घरोबा आहे, म्हणून आत येऊ दिले.

त्याने आत पाहिले आणि कार्डावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "सर, कार्डाला हळद तर लागली. वरात कधी काढताव?" साक्षी हसली. चार दिवसांत प्रथमच हसली, म्हणून मी मनावर घेतले नाही.

मग तो म्हणाला की कार्ड अजून मेलेलं नाही, दुकानात द्या, साफ करून वाळवून देतो, तोवर चालू नक्को करू. मी त्याला माझा संकल्प सांगितला, त्यामागचा प्रादेशिक असमतोल सांगितला, अनुशेषाचे आकडे सांगितले. तो म्हणाला, "सर, तुमचं भाषण लई भारी असतंय. मी दोनदा ऐकलंय. पण कार्डाला कान नसतेत ना." चहा घेऊन गेला. कार्ड मी दिले नाही. फक्त सीपीयूतून बाहेर काढले, तेही त्याच्यादेखत, म्हणजे आपल्याला येते हे त्याला कळावे.

दुपारी लातूरहून रामलिंगचा फोन. रामलिंग उमाचा धाकटा भाऊ. "दाजी, कार्डापुढं कूलर लावलाव म्हणं. उसाचा रस बी पाजून बघा की." ही बातमी लातूरपर्यंत कोणी नेली, याची घरातच चौकशी करणे. मग म्हणाला, "पोरीला धाडा इकडं. माझा दोस्त शिवमूर्ती, त्याचं डिझाइनचं ऑफिस हाय. मशिनी रिकाम्याच पडल्यात. चार-सहा दिवसांत काम करून जाईल."

नांदेडच्या मुलीने कॉम्प्युटरसाठी लातूरला जायचे! इथे गोदावरी आहे, विद्यापीठ आहे, विमानतळ आहे. मी त्याला स्पष्ट सांगितले, ज्या गावाला प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले, त्या गावाने आम्हाला मदत देऊ नये. तो म्हणाला, "पाणी रेल्वेनं आणलं दाजी, पर कॉम्प्युटरवर न्हाई वतलं."

तत्त्वाच्या मुद्द्यावर फोन ठेवला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.

सकाळी कार्ड गच्चीवर वाळत ठेवले. उमाने सुपात तीळ वाळत घातले होते. त्यावरच एक फडके पसरले आणि कार्ड ठेवले. ऊन कडक. मशीनच्या गरम हवेपेक्षा सूर्य केव्हाही श्रेष्ठ.

मग अर्धापूरला व्याख्यान. विषय: तंत्रज्ञान आणि स्वावलंबन. फार रंगले. जात्यातल्या खड्याला अपेक्षेप्रमाणे टाळ्या. ओघात मी जाहीर करून टाकले, "माझ्या घरचे ग्राफिक कार्ड नांदेडातच दुरुस्त होईल, आणि माझी मुलगी नांदेडातूनच हैदराबादला काम पाठवेल!" लोक उभे राहिले. (काही जण निघाले होते, पण बहुतेक उभेच राहिले.) केळीचा घड मिळाला.

घरी आलो तर साक्षी कार्डाशिवायच कॉम्प्युटर चालवून बघत होती. चालतो, पण एका खोलीचे चित्र तयार व्हायला माझे अख्खे व्याख्यान आभारप्रदर्शनासह लागते. आणि व्हिडिओला अशी हजारो चित्रे लागतात. ती म्हणाली, "अप्पा, मी मामाकडं जाऊ का? नुसतं चोवीस तारखेपर्यंत."

मी तिला जवळ बसवले आणि प्रदेशाच्या अस्मितेवर मनापासून बोललो. ती केळ सोलत ऐकत होती. एक शब्द उलट बोलली नाही. पटले आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

काल गच्चीवर वारा सुटला असावा. फडके बाजूला, कार्ड सुपात पालथे. अक्षता जवळपास सगळ्या निघाल्या. तीळ आत गेले. दोन्ही पंख्यांत, पात्यांच्या मुळाशी, फटीफटीत तीळ. प्रश्नाचे स्वरूप बदलले, म्हणजे आपण जागेवर थांबलेलो नाही.

उमा मात्र फारच बोलली. "सगळ्या तिळात कुंकू कालवलंय! संक्रांतीला लोकाला लाल तीळगूळ देऊ का? आन् वर म्हणू का, घ्या, हे आमच्या कार्डाचं?"

तीळ सुईने काढले. दिसले तेवढे. कार्ड सीपीयूच्या खाचेत बसवले. कट्‌ असा आवाज आला. बसल्याचा असावा. नंतर खाली प्लास्टिकचा एक तुकडा सापडला. कशाचा आहे ते कळत नाही. टेबलाच्या खणात ठेवला.

चालू केले. पडदा काळा, पण सीपीयूतून तीन वेळा बीप. गेला आठवडाभर हे यंत्र गप्प होते. आज प्रथमच ते आपल्याशी बोलले.

साक्षी आपल्या खोलीत बसून होती. जेवायला आली नाही. उमाने ताट आत नेले. दार लावून दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी विचारले, तर उमा म्हणाली, दिवाळीच्या फराळाचं बोलून राहिलो.

२० ऑक्टोबर, रविवार.

साक्षी सकाळच्या गाडीने लातूरला गेली. मामीला फराळात मदत करायला. दिवाळी अजून लांब आहे, पण लातूरकर सगळ्यातच घाई करतात. आमचे मत बदललेले नाही: कॉम्प्युटरसाठी जाणे वेगळे आणि चकलीसाठी जाणे वेगळे. चकलीला माझा विरोध नाही.

जाताना तिने बाहेरून जोडायची हार्डडिस्क, माऊस आणि नकाशांची गुंडाळी नेली. फराळाला माऊस कशाला, असे विचारणार होतो. पण मुलींना आपापल्या वस्तूंची सवय असते. उमाच तिला स्टँडवर सोडून आली. येताना खुशीत होती.

आता घरात शांतता. कार्डाला पूर्ण वेळ देता येईल. चोवीसच्या आत दुरुस्त करून साक्षीला चकित करणार.

२१ ऑक्टोबर, सोमवार.

चिंतन.

२२ ऑक्टोबर, मंगळवार.

सीपीयू पूर्ण खोलून पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले. कंपन्या सढळ हाताने जास्तीचे देतात, हे मान्य करायला हवे. बीप आता होत नाही. आवाजाचा त्रास गेला.

२३ ऑक्टोबर, बुधवार.

उमा म्हणाली, उद्या चोवीस. मी म्हणालो, कॅलेंडर मलाही दिसते. ती म्हणाली, मग त्या कार्डाला बी दाखवा. हल्ली तिची भाषा भावासारखी होत चालली आहे.

आज पहिल्यांदा थोडी धाकधूक वाटली. कार्डाची नव्हे. पोर दोन महिने या कंपनीच्या मागे होती. नाव ऐकले तरी तिचा चेहरा उजळायचा. ही संधी हुकली तर ती नाराज होईल. तिला सांगण्यासाठी अपयशाच्या महत्त्वावर काही मुद्दे काढून ठेवले. वाचून पाहिले. माझ्याच गळ्याखाली उतरेनात.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.

दिवसभर प्रयत्न. पडदा काळा.

संध्याकाळी साक्षीला फोन केला. म्हटले, बेटा, आजची तारीख माझ्या लक्षात आहे. ती घाईत होती. "अप्पा, नंतर बोलू का? हातातलं काम टाकता येत न्हाई." मागे सारखी टकटक चालू होती. शंकरपाळे कापत असणार. एवढे दुःख गिळून पोर शंकरपाळे कापते आहे, या विचाराने मला जेवण गेले नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.

ताहेरच्या दुकानात गेलो. दुरुस्तीसाठी नव्हे, सल्लामसलतीसाठी. कार्ड पिशवीत होते, वर केळी ठेवली होती. रस्त्यात ओळखीचे लोक भेटतात.

ताहेरने कार्ड उलटे धरून आपटले. टेबलावर तीळ पडले. "सर, तांदूळ झाले, तीळ झाले. पुढच्या खेपेला जवस पेरा." मी हसलो नाही. त्याने ब्रश फिरवला, कसलेतरी स्पिरिट लावले, गरम हवा दिली. सीपीयू बघायला घरीही आला. खाचेची कडी तुटली होती (खणातला प्लास्टिकचा तुकडा तिचाच निघाला), तरी कार्ड सरळ बसवून मागून स्क्रू लावला. उरलेल्या दोनातला एक स्क्रू तोच होता.

पडदा उजळला. रेघ नाही. खर्र नाही. दोन्ही पंखे फिरले. सर्व काम माझ्या देखरेखीखाली आणि माझ्याच घरात झाले. दुकानात फक्त आपटणे झाले.

ठराव: ग्राफिक कार्ड नांदेडात दुरुस्त झाले. अर्धापूरला कळवणे.

२६ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळीच लातूरला फोन लावला. साक्षीला म्हणणार होतो, ताबडतोब नीघ, कार्ड सुरू झाले, कंपनीकडे मुदत वाढवून मागू, निवेदन मी लिहितो. फोन रामलिंगने घेतला.

म्हणाला, "दाजी, कशाची मुदत? व्हिडिओ कवाच गेला. शिवमूर्तीच्या ऑफिसात बसून केला की पोरीनं. काल सांजच्याला कंपनीचा फोन आला, पसंत हाय म्हणून. पेढे वाटले आम्ही गल्लीत." मी विचारले, फराळाचे काय. तो म्हणाला, "फराळ तुमच्या सासरवाडीत दुकानातून येतंय, दाजी. लई वर्षं झाली."

कंपनीने साक्षीला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. कुठून काम करणार आणि तिथे चालणारा कॉम्प्युटर आहे का. तिने लातूरचा पत्ता दिला. रामलिंगने तिला विचारले की नांदेडचा का नाही दिलास. त्यावर ती म्हणाली म्हणे, "मामा, आमच्या घरी कॉम्प्युटर हाय. पण अप्पा बी हायत." हे सांगताना तो इतका हसला की मला फोन उमाच्या हातात द्यावा लागला. ती पण हसली.

मग साक्षी फोनवर आली. "अप्पा, रागावलाव का?" मी नाही म्हणालो. खरेच नव्हतो. राग शोधत होतो, पण सापडला नाही. तिने सांगितले की शिवमूर्तीकाकांकडे शिकायलाही मिळते आहे, बाजूला बसून दाखवतात. काही महिने तिथेच राहीन म्हणते. मशीन मात्र दिवाळीनंतर त्यांना लागणार आहे. "मग बघते मी काहीतरी. तुम्ही नका काळजी करू." माझ्याकडे काही मागितले नाही. पूर्वी रंगपेटी हवी असली तरी पोर माझ्यामागे घरभर फिरायची.

तिचे अभिनंदन करायचे राहून गेले. फोन ठेवल्यावर लक्षात आले. पुन्हा लावला, तर बिझी.

२७ ऑक्टोबर, रविवार.

सकाळी अर्धापूरच्या संयोजकांचा फोन. मुलीचे काय झाले हो, नोकरी लागली का. म्हणालो, लागली. नांदेडातूनच ना? म्हणालो, आवाज येत नाही.

मग कॉम्प्युटरसमोर बसलो. सुरेख चालतो. साक्षीने केलेला एक जुना व्हिडिओ त्यात होता, तो कीबोर्डवरूनच लावला, माऊस लातूरला आहे. दार उघडते, बैठक, खिडकीतून ऊन, आतली खोली. तिने कल्पनेने उभे केलेले घर. मी त्यात तीन-चार वेळा फिरून आलो. कुठे अडखळत नाही. इतके चांगले यंत्र, आणि मी त्यावर आता काय करणार? निवेदने टाइप करणार.

सगळ्या वायरी काढल्या. सीपीयू जुन्या गोधडीत गुंडाळला, मॉनिटर चादरीत. सोबत तुटलेली कडी आणि उरलेला स्क्रू. उमा दारात उभी राहून बघत होती. तिला वाटले, मी पुन्हा काही दुरुस्त करतो आहे. ओरडणार होती. म्हणालो, लातूरला नेतो आहे, साक्षीला लागेल. उमा आत जाऊन सुतळी घेऊन आली.

बांधून झाल्यावर गठ्ठा उचलून पाहिला. स्वावलंबनावर तीन तास उभ्याने बोलता येते. हा गठ्ठा गाडीतून उतरवून रिक्षापर्यंत एकट्याला नेता येत नाही. उमा म्हणाली, "करा की फोन माझ्या भावाला. तुमची जीभ काय झिजत न्हाई." खरे आहे. पण मदत मागणे तेवढे सोडून बाकी सगळे मी त्याला बोललेलो आहे.

मोबाइल हातात घेऊन बसलो आहे. काय बोलायचे ते आधी इथे लिहून बघतो. प्रस्तावना नको. पाण्याचा विषय नको.

रामलिंग, उद्या लातूरच्या स्टँडवर ये आणि गठ्ठ्याची एक बाजू धर.